विश्लेषण : आधी डोंगर, मग नदी, शेवटी समुद्र... किशोरवयीन मुलांसह बोर्निओची सहल कशी आखावी?

घरात १३ ते १७ वर्षांची मुले असली की मे महिन्याच्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न अवघड होतो. प्रेक्षणीय स्थळांची यादी दाखवली की 'पण तिथे करायचे काय?' असा प्रश्न येतो. डोंगर चढणे, होडीतून रानटी प्राणी पाहणे, नदीत राफ्टिंग आणि समुद्रात बुडी हे सारे दहा-बारा दिवसांत करता येईल, अशा मोजक्या ठिकाणांत बोर्निओ बेटावरचे साबाह हे मलेशियाचे राज्य आहे. अलीकडे मराठी पर्यटकही तिकडे वळू लागले आहेत. मात्र अशा सहलीत कोणत्या दिवशी काय करायचे, हे चुकले तर मजा जातेच, शिवाय काही बाबतींत ते थेट जिवावर बेतू शकते.

मे महिन्यात साबाहच का?

विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात उन्हाळा-हिवाळा असा फरक फारसा नसतो. तिथे ऋतू म्हणजे पावसाचा आणि कमी पावसाचा. साबाहच्या पूर्व भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे जोरदार पाऊस पडतो, नद्यांना पूर येतात. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत तिकडे जाणे जोखमीचे. मार्च ते ऑक्टोबर हा तुलनेने कोरडा काळ. कोरडा म्हणजे दुपारी एखादी सर येणारच, पण दिवस वाया जात नाही. आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी या काळात येते.

तुलनाच करायची तर अंदमानात मेच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस पोहोचतो आणि समुद्र खवळतो. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकामध्ये मेपासून पावसाळा सुरू होतो. ताडोबात मेमध्ये वाघ दिसण्याची शक्यता चांगली, कारण प्राणी पाणवठ्यावर येतात. पण चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या घरात असतो आणि उघड्या जिप्सीत बसून राहण्यापलीकडे मुलांना करण्यासारखे काही नसते.

मेच्या शेवटी जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. ३० आणि ३१ मे रोजी साबाहमध्ये 'कामातान' हा सुगीचा सण असतो. पाहण्यासारखा असतो, पण त्या दिवसांत सुट्टी असल्याने खोल्या लवकर भरतात.

निकाल, प्रवेश आणि पासपोर्टचे काय?

दहावीच्या मुलांच्या पालकांनी तारखा ठरवताना निकालाकडे लक्ष ठेवावे. २०२५ मध्ये राज्य मंडळाचा दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि त्यापाठोपाठ अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया सुरू झाली. जंगलातल्या लॉजवर बसून पसंतीक्रम भरायची वेळ आली, तर तिथे नेटवर्क मिळेलच असे नाही. बारावीनंतर सीईटी, नीट, जेईई यांच्या तारखा मध्ये येतात. सातवी ते नववी आणि अकरावी ही त्या दृष्टीने मोकळी वर्षे.

पासपोर्टची गंमत वेगळी आहे. आई-वडिलांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, म्हणून मुलांचाही चालू असेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच वैध असतो. १५ ते १८ वयोगटाला दहा वर्षांचा पर्याय घेता येतो. नवव्या वर्षी काढलेला पासपोर्ट चौदाव्या वर्षी संपतो आणि प्रवासाच्या वेळी तो किमान सहा महिने वैध असावा लागतो.

भारतीय पर्यटकांना मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची व्हिसामुक्त सवलत दिली असून ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली आहे. तरी तिकीट काढण्याआधी स्थिती पुन्हा तपासणे शहाणपणाचे. प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन 'डिजिटल अरायव्हल कार्ड' भरावे लागते, प्रत्येक मुलाचे वेगळे. क्वालालंपूरहून साबाहला जाणारे विमान देशांतर्गत असले, तरी साबाहचे इमिग्रेशन स्वतंत्र आहे. तिथे पासपोर्टची पुन्हा तपासणी होते, त्यामुळे पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून मोकळे होऊ नये. मुले काका-मावशीसोबत किंवा एकाच पालकासोबत जाणार असतील, तर संमतीपत्र नोटरी करून जवळ ठेवावे. राफ्टिंग आणि डायव्हिंगच्या अर्जांवरही पालकाचीच सही लागते.

आधी डोंगर का?

माउंट किनाबालूची उंची ४,०९५ मीटर. चढाई जिथून सुरू होते ते टिंपोहोन गेटच १,८६६ मीटरवर आहे. म्हणजे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, या डोंगराच्या दारापेक्षाही खाली राहते. कळसूबाई दोनदा केले म्हणून किनाबालू सहज होईल, असे मानणाऱ्यांसाठी हा आकडा पुरेसा आहे.

चढाई दोन दिवसांची. पहिल्या दिवशी सहा किलोमीटर चढून सुमारे ३,२७० मीटरवरच्या पानालाबान येथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचच्या सुमारास निघून उरलेले २.७ किलोमीटर अंतर कापायचे आणि सूर्योदयाला माथ्यावर पोहोचायचे. मग त्याच दिवशी पूर्ण उतार. गाइड सक्तीचा आहे आणि रोज किती जणांना सोडायचे याची मर्यादा ठरलेली आहे. त्यामुळे मेसाठीचे आरक्षण काही महिने आधीच करावे लागते आणि संपूर्ण सहलीच्या तारखा त्यावरून ठरतात.

हा टप्पा सुरुवातीला ठेवण्याची तीन कारणे आहेत. पहिले घड्याळाचे. मलेशिया भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे. पहाटेचे अडीच म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे बारा. त्या वेळी बहुतेक किशोरवयीन मुले तशीही जागीच असतात! पहिल्या तीन-चार दिवसांत शरीर भारतीय वेळेवरच चालत असल्याने मध्यरात्रीची ती हाक तितकीशी जड जात नाही. उलट बाजूही आहे. रात्री आठला झोपायला सांगितले तर आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात, त्यामुळे झोप कमी मिळेल हे धरून चालावे.

दुसरे कारण पायांचे. उतरल्यावर दोन दिवस मांड्या भरून येतात, जिने उतरताना कठड्याला धरावे लागते. त्यानंतर नदीवरच्या होडीत बसून राहणे म्हणजे विश्रांतीच.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. स्कूबा डायव्हिंग केल्यावर रक्तात आणि ऊतींमध्ये जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो. लगेच उंचावर गेल्यास हवेचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होते तेच, पण शरीरात. विमानासाठी असलेला नियम डोंगरालाही लागू होतो. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबायचे. 'आधी समुद्र, मग डोंगर' असा क्रम असलेली पॅकेज दिसतात. त्यांत डायव्हिंग आणि चढाई यांच्यात किती तास आहेत, हे बुकिंगआधी मोजून पाहावे.

चढाईच्या आधीची एक रात्र किनाबालू पार्कच्या मुख्यालयाजवळ, सुमारे दीड हजार मीटरवर काढली तर शरीराला उंचीची थोडी सवय होते. डोके दुखणे, मळमळ, तोल जाणे ही उंचीच्या त्रासाची लक्षणे आहेत आणि उपाय एकच, खाली उतरणे. इथे किशोरवयाची खरी अडचण येते. सोबत चुलत भाऊ किंवा मित्र असले की मुले त्रास लपवतात. 'डोकं दुखतंय असं सांगितलं तर कुणीही चिडवणार नाही, एक मोठा माणूस तुझ्यासोबत खाली येईल,' हे घरीच ठरवलेले असावे आणि तो मोठा माणूस कोण, हेही.

डोंगराला गृहीत धरू नये याचे आणखी एक कारण आहे. ५ जून २०१५ रोजी इथे ६ रिश्टर तीव्रतेचा भूकंप होऊन १८ जणांचा मृत्यू झाला. त्यांत सिंगापूरहून सहलीला आलेली शाळकरी मुलेही होती. भूकंप कुणाच्या हातात नाही, पण नोंदणी, ओळखपत्र आणि गाइडच्या सूचना या औपचारिकता नाहीत.

ज्यांना चढायचे नाही त्यांनी हिरमुसू नये. १९६४ मध्ये स्थापन झालेले किनाबालू पार्क हे २००० साली जागतिक वारसा यादीत गेले. त्याच्या पायथ्याच्या पायवाटा, पोरिंगचे गरम पाण्याचे झरे आणि तिथला झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा झुलता पूल यात एक दिवस छान जातो. वाटेत 'राफ्लेसिया फुलले आहे' अशी पाटी दिसली तर गाडी थांबवावी. जगातले सर्वांत मोठे फूल आठवडाभरच टिकते, त्यामुळे त्याचे नियोजन करता येत नाही.

नदीवर काय दिसते आणि इतके सहज का दिसते?

डोंगरावरून गाडीने चार-पाच तासांत पूर्वेकडे सेपिलोकला येता येते. अनाथ ओरांगउटानांना पुन्हा जंगलात सोडण्यासाठी १९६४ पासून चाललेले केंद्र इथे आहे. समोरच सूर्य-अस्वलांचे केंद्र आहे. तिथून पुढे किनाबातांगान नदी. लांबी ५६० किलोमीटर, साबाहमधील सर्वांत मोठी. सुकाऊ आणि बिलित या गावांजवळ लॉज आहेत आणि दिवस होडीच्या फेऱ्यांवर चालतो.

लांब नाकाची प्रोबोसिस माकडे फक्त बोर्निओतच आढळतात. ती संध्याकाळी झोपण्यासाठी नदीकाठच्या झाडांवर येतात, म्हणून पहिल्या दिवशी सायंकाळची फेरी घ्यावी. पहाटे सहाची फेरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. तोवर मुलांचे घड्याळ थोडे सरकलेले असते. वयात येताना झोपेची वेळ नैसर्गिकरीत्या पुढे सरकते, तो आळस नसतो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सहाला होडीत बसवणे म्हणजे त्यांना भारतीय वेळेप्रमाणे साडेतीनला उठवणे. अशा मुलाला हत्ती दिसला तरी त्याचा चेहरा उतरलेलाच राहतो.

कोकणात धनेश दिसला की पक्षीप्रेमी दिवसभर सांगत राहतात. बोर्निओत धनेशाच्या आठ जाती आहेत. खाऱ्या पाण्यातील मगरी काठावर पडलेल्या असतात, त्यामुळे होडीबाहेर हात सोडायचा नाही. नशीब असेल तर रानातला ओरांगउटान दिसतो आणि बोर्निओचा हत्तीही. तो आशियाई हत्तींमध्ये लहान चणीचा. संख्या सुमारे एक हजार, २०२४ मध्ये त्याचा संकटग्रस्त म्हणून स्वतंत्र समावेश झाला. ओरांगउटानची स्थिती त्याहून बिकट, 'अतिसंकटग्रस्त'.

मग हे दुर्मीळ प्राणी दोन तासांच्या फेरीत कसे दिसतात? पॅकेजच्या माहितीपत्रकात याचे उत्तर नसते. नदीच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल तेलताडाच्या बागा आहेत. मूळ जंगल काठाच्या अरुंद पट्ट्यात उरले आहे आणि प्राणी त्यात दाटीने राहतात. २००५ मध्ये या पट्ट्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण तो सलग नाही, तुकड्यातुकड्यांचा आहे. म्हणजे पर्यटकाला जे सुदैव वाटते, ते प्राण्याच्या दृष्टीने जागा संपल्याचे लक्षण आहे.

सेपिलोकहून सुकाऊला जाताना खिडकीतून तासभर फक्त ताडाच्या रांगा दिसतात. मुलांना हे दाखवावे, कारण त्याचा दुसरा टोकाचा धागा आपल्या स्वयंपाकघरात आहे. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे आणि ते प्रामुख्याने इंडोनेशिया-मलेशियातून येते. फरसाण, बिस्किटे, किराणा दुकानातले पामोलिन यांत ते असतेच. याच बागांवर तिथल्या हजारो कुटुंबांचे पोट चालते, हेही खरे. पंधरा वर्षांच्या मुलांना या दोन्ही बाजू कळतात आणि ती त्यावर वादही घालतात.

थरार हवा असलेल्यांसाठी गोमांतोंगची गुहा आहे. पाकोळ्यांची घरटी काढण्यासाठी वेताच्या शिड्यांवर चढणारे लोक, लाखो वटवाघळे, त्यांच्या विष्ठेचे ढीग आणि त्यावर हलणारा झुरळांचा थर. कठड्याला हात लावू नये. किळस येणाऱ्यांनी जबरदस्तीने जाऊ नये, मात्र मित्रांना सांगण्यासाठी मुलांना हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

समुद्रात उतरण्याचे वय कोणते?

सांदाकानहून विमानाने पुन्हा कोटा किनाबालू गाठले की शहरासमोर तुंकू अब्दुल रहमान पार्कची पाच बेटे आहेत, स्पीडबोटीने पंधरा-वीस मिनिटांवर. स्नॉर्केलिंगला इतके पुरे. डायव्हिंगच्या प्रमाणपत्रासाठी 'पाडी' या संस्थेचे किमान वय दहा वर्षे आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटर आणि १२ ते १४ वयोगटाला १८ मीटर खोलीची मर्यादा आहे. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांचे पत्र आधीच घ्यावे. वैद्यकीय अर्जात तो लपवला जाऊ नये. शेवटच्या बुडीनंतरचा पूर्ण दिवस बाजारहाट आणि आरामासाठी मोकळा ठेवावा.

राफ्टिंगला दोन नद्या आहेत. कियुलू सौम्य, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी. पादास तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची, पोहता येणाऱ्या मोठ्या मुलांसाठी.

पूर्व किनाऱ्यावरची बेटे सुरक्षित आहेत का?

सांदाकानपासून सुमारे ४० किलोमीटरवर सेलिंगान बेट आहे. तिथे रात्री समुद्री कासवे अंडी घालताना पाहता येतात. सेंपोर्नाजवळ डायव्हिंगसाठी जगप्रसिद्ध असलेले सिपादान आहे. मोह होतोच. पण पूर्व साबाहच्या किनाऱ्यावर आणि बेटांवरील रिसॉर्टमध्ये पूर्वी फिलिपिन्समधील सशस्त्र गटांनी पर्यटकांचे अपहरण केल्याच्या घटना घडल्या आहेत. २०१३ मध्ये तिथे 'एस्कॉम' ही खास सुरक्षा यंत्रणा उभारली गेली आणि २०१४ पासून समुद्रात रात्रीची संचारबंदी लागू करून ती वेळोवेळी वाढवली गेली. अलीकडच्या वर्षांत परिस्थिती बरीच निवळली असली, तरी निघण्याआधी ताज्या प्रवास-सूचना वाचाव्यात. विमा कंपनी या बेटांवरील दावा मान्य करते का, हे लेखी विचारावे. उत्तर गोलमोल आले तर बेट सोडून द्यावे. सहल त्यामुळे अपुरी राहत नाही.

विमा, आजार आणि जेवण

साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. किती मीटर उंचीपर्यंत, किती खोलीपर्यंत आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च मिळतो का, या तीन ओळी शोधून वाचाव्यात.

साबाहमध्ये माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा हिवताप आढळतो. डेंग्यूही आहे. प्रतिबंधक औषध घ्यायचे की नाही, हे निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावे. जळवा पावसाळी सह्याद्रीत फिरणाऱ्यांना नव्या नाहीत. तिथे गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे मिळतात, ते घ्यावेत. मुलींनी सॅनिटरी पॅड इथूनच पुरेसे न्यावेत, कारण नदीवरच्या गावांत हवी ती वस्तू मिळेलच असे नाही.

शाकाहारींनी लॉजला आधीच कळवावे. नुसते 'भाजी' म्हणून भागत नाही, कारण पालेभाजीतही 'बेलाचान' हे कोळंबीचे वाटण घालतात. थेपले, चटण्या सोबत असाव्यात, पण खोलीत उघडे ठेवू नयेत. माकडांना खिडकी उघडता येते.

मुलांकडे काय सोपवावे?

आखणीची सर्व सूत्रे पालकांकडे राहिली तर मुले प्रवासी होतात, सहकारी नाहीत. रिंगिटमधला रोजचा हिशेब एकाकडे, होडी-विमानांच्या वेळा आणि नकाशे दुसऱ्याकडे द्यावेत. नकाशे ऑफलाइन उतरवून घेणे हे काम ती आई-वडिलांपेक्षा चांगले करतात. किनाबालूच्या तयारीसाठी जानेवारीपासून आठवड्यातून दोनदा पाठीवर वजन घेऊन जिने चढायचे वेळापत्रकही त्यांनाच बनवू द्यावे.

आणि माथ्यावर पहाटे पारा शून्याच्या आसपास असतो. एकाच बॅगेत पोहण्याचे कपडे आणि लोकरी टोपी दोन्ही बसवायचे असल्याने मुलांनी स्वतःची बॅग स्वतः भरून, ती उचलून एकदा तीन मजले चढून दाखवावी. नको असलेल्या वस्तू तिथेच बाहेर निघतात.